खंडेनवमीला घासलेला पत्रा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना पत्रा आहे, तळहाताएवढा. सध्या माझा मुक्काम काचेच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. आत जीव गुदमरतो.

पण एकेकाळी मीही कामाचा होतो! पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. रहिमान मिस्त्रींनी मला कापलं, तार जोडली आणि रसायनं तपासणाऱ्या उद्धवरावांनी मला पाण्याच्या बरणीत टांगलं. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात सोडायचा, माझ्यातून वीज न्यायची आणि त्या टाकाऊ वायूचं पुन्हा जळण करायचं, हा त्यांचा ध्यास.

"राव, राखेची लाकडं करताय व्हय?" मिस्त्री चिडवायचे.

महिने गेले. तापवून, भिजवून माझ्या अंगावर काळा थर चढला आणि एके दिवशी बरणीतला वायू बाहेर नेणाऱ्या नळीच्या टोकाशी निळी ज्योत लागली. सारी करामत त्या थराची होती. उद्धवराव अक्षरशः नाचले. मालकांनी मात्र बजावलं, "दसरा झाला की मला ज्योत दाखवा, नाहीतर हे खूळ बंद."

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. झाडलोट करणाऱ्या मंजुळाबाईंनी मला बरणीतून काढलं.

"आमच्या सायबाचं हत्यार, आन् आसं काळंकुट्ट?"

चिंच आणि राख घेऊन त्यांनी मला आरशासारखं लख्ख केलं. थांबा हो बाई, असं मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, पण ऐकतो कोण! वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालक येऊन बसले तेव्हा उद्धवरावांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वीज सोडली, पण निघाला तो नुसता पाण्यातला हायड्रोजन. काडी लावताच फट् झालं, निळी ज्योत काही लागली नाही. मालक उठून गेले आणि काम बंद पडलं.

"सायेब, माजं काय चुकलं का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

उद्धवराव म्हणाले, "न्हाई मावशी. सोन्यावानी झालाय पत्रा. जपून ठेवा." ते नोकरी सोडून गेले आणि मावशींच्या हट्टामुळे मला कारखान्यातल्या या कपाटात ठेवलं गेलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूवर माया जरूर करा, पण हात लावण्याआधी एकदा विचारा.

मावशी रोज सकाळी काचेबाहेरून मला डोळे भरून पाहतात. कधी वाटतं, कुणीतरी त्यांना खरं सांगावं आणि मला इथून सोडवावं. पण त्यांचा तो समाधानी चेहरा पाहिला की वाटतं, मला बोलता येत नाही तेच बरं.