भुशाच्या खोक्यातून आलेला शब्द

मी एक जुना लाउडस्पीकर आहे. मित्रांनो, आवाज काढतो तो आतला पडदा, पण तो बाहेर कसा पडेल हे ठरवतं भोवतीचं खोकं. माझं सगळं दुखणं त्या खोक्यात आहे.

दगड कापण्याच्या एका कारखान्यासाठी सुतारमिस्त्रींनी मला बनवलं. त्यांच्या मनात जाड प्लायवूड होतं, आत आधाराला आडव्या पट्ट्या. किंमत ऐकून मॅनेजरच्या भुवया चढल्या.

"मिस्त्री, आपल्याला काय यावर गाणी ऐकायची आहेत? भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं करा. अर्ध्यात होतंय की."

"साहेब, पातळ बोर्ड आवाजाबरोबर स्वतःच थरथरतो. शब्द घुमतो. त्यात तुमच्याकडे दगड कापताना सगळीकडे पाणी. फुगला की संपलं."

"फुगेल तेव्हा बघू."

मिस्त्रींनी मान डोलावली. पट्ट्याही गाळल्या. वरून सागवानासारखा दिसणारा कागद चिकटवला. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तो मीच.

क्रेनच्या केबिनबाहेर, खिडकीला लागून मला बसवलं. केबिनमध्ये क्रेनवाले काका. खाली माइकवर ताई. सगळे तिला ताई म्हणत, फक्त तिचा थोरला भाऊ "चिमणे" म्हणे. तो तिथेच लाद्यांना साखळ्या बांधायचा. काकांना वरून खालचं धड दिसत नसे, म्हणून सगळं काम पाच शब्दांवर चाले: वर, खाली, जवळ, लांब, थांब. पहिलं वर्षभर काका कौतुकाने म्हणत, "गडी खणखणीत आहे." मीही फुशारलो.

मग दगड कापताना उडणाऱ्या पाण्याने माझ्या कडा फुगल्या. स्क्रू सैल झाले, भिंती घुमू लागल्या. घुमणाऱ्या खोक्यात 'आं' तेवढा मोठा होतो आणि शब्दाचं पहिलं अक्षर बुडून जातं.

"साहेब, हे खोकं बदला. शब्द कळत नाही," ताईने दोनदा सांगितलं.

"मग जोरात बोल ना!"

ती जोरात बोलू लागली. मी आणखी घुमू लागलो.

एका सकाळी लादी हवेत असताना तिच्या पलीकडे, क्रेनपासून लांबच्या बाजूला, भावाचा बूट लाद्यांच्या ढिगाच्या फटीत अडकला. ताई किंचाळली, "थांब! थांब!" काकांना ऐकू आलं, "लांब! लांब!" ते आज्ञाधारक माणूस. त्यांनी लादी झटक्यात लांब नेली, थेट भावाच्या अंगावर. तो वाचला नाही.

चौकशीत काकांनी रडत रडत खरं तेच सांगितलं, "मला लांब ऐकू आलं." समोर एकट्या उभ्या असलेल्या ताईकडे बोट करून मॅनेजर म्हणाला, "पोरगी घाबरली, भलताच शब्द गेला तोंडून." तसंच लिहून घेतलं गेलं. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या फुगलेल्या कडांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. त्यांना या कारखान्याचं पुढचं काम हवं होतं. स्वस्त ते महाग पडतं, मित्रांनो, पण ज्याने पैसे वाचवले त्याला नव्हे.

मला भंगारात टाकलं. महिन्याभराने भावाचा डबा न्यायला ताई आईबरोबर आली. माझ्यासमोर येताच ती पुन्हा भावाची माफी पुटपुटली.

"रोज त्याच्या फोटोपुढे कसली माफी मागतेस गं?" आई म्हणाली. "तू थांबच म्हणाली होतीस."

"कुणास ठाऊक, आई. सगळे म्हणतात लांब. आता मलाही तेच ऐकू येतं."

माझा जीव तुटला. ती थांबच म्हणाली होती, अगदी स्पष्ट. तिचा शब्द मी नासवला. पण मला माझा असा आवाज नाही. कुणी माइक धरला तरच मी बोलतो.

तुम्हाला आवाज आहे. माणसाचा शब्द माणसापर्यंत नेणाऱ्या वस्तूत काटकसर करू नका, तिची निगा राखा. आणि कधी खरं ठाऊक असून दाराशी उभे राहिलात, तर मान खाली घालू नका. आत जाऊन बोला. आत कुणाची तरी लेक एकटी उभी असते.