आरोही कुणाकडं हाय?

“ताई, लेकरू द्यायचं तं एकाच्याच हाती द्या, आन त्याच्याकडून ‘व्हय’ म्हणून घ्या. ‘जरा बघा हं’ म्हणून चौघींत ठिवलं तं एकबी बघत न्हाई.”

डोंगरकड्याच्या अंगणवाडीत बावीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळलेल्या नीलाबाईंनी हे सांगितलं, तेव्हा प्रियदर्शनी हसली होती. ती बी.एस्सी., गणिताची, शाळेत आठवी-नववीला शिकवायची. चौघी म्हणजे आठ डोळे, आणि आठ डोळ्यांपुढून दहा महिन्यांचं लेकरू जाणार कुठं, असा तिचा सरळ हिशेब.

एरवी काळजीच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. पाणी दोनदा उकळायची. पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी थर्मामीटर असायचंच. गर्दीत जायचं असलं की सकाळीच आरोहीचा कपड्यांसकट फोटो काढून ठेवायची. उगाच पोलिसांना वर्णन सांगताना घोळ नको. नवरा शिवशंकर हसला की म्हणायची, “हसा. काळजी करायला या घरात पगारी माणूस मीच आहे.”

पण त्या रविवारी तिच्या डोक्यात दुसरंच वारं होतं. कॉलेजात असताना नांदेडच्या स्पर्धेत तिनं आठशे मीटर दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद आणि एक दशांशात मारले होते. तो आकडा तिला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. बाळंतपणानंतर गल्लीतल्या बायकांनी “आता कुठलं पळणं” म्हणून तिच्या पायांचं जणू उत्तरकार्यच उरकून टाकलं, तेव्हापासून पाच महिने ती पहाटे केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर पळत होती. एकदा, फक्त एकदा, तो जुना आकडा गाठायचा. मग खुशाल म्हातारं व्हायचं.

संधी आली ती हिंगोलीच्या महिला क्रीडा महोत्सवाची. निमंत्रणपत्रिका आर्ट पेपरवर छापलेली, चार घड्यांची. तिच्यावर एकतीस मान्यवरांची नावं होती. धावणार कोण, कुठली शर्यत किती वाजता, हे मागच्या बाजूला, मंडपवाल्याच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात होतं. आठशे मीटर: सकाळी आठ.

साडेसातला प्रियदर्शनी, शिवशंकर, सासूबाई पार्वतीबाई आणि आरोही मैदानावर हजर. मैदानावर आणखी एकच माणूस होता: सत्तरी गाठलेले, पांढऱ्या टोपीतले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेले दत्तोपंत. एके काळी ते शाळेत पी.टी. शिकवायचे. चुन्याची रेघ स्वतःच्या हातानं ओढत होते.

“दोनशे मीटरचाच ट्रॅक बसला बेटा,” ते म्हणाले. “आठशेला चार फेऱ्या. पण टेप लावून मोजलाय, एक वीत इकडचा तिकडं न्हाई.”

“सर, वेळ बराबर लावाल ना?”

“वेळेसाठीच तर आलोय. बाकीच्या कामाला एकतीस जण हायेत.”

ते एकतीस जण साडेअकराला आले. मंडप ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला होता. तिथं सोफे, पंखे, गार पाण्याच्या बाटल्या. अलीकडं, शेवटच्या रेषेपाशी, ऊन आणि दत्तोपंत. त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली होती, पण पाहुण्यांच्या अंगरक्षकाला खुर्ची कमी पडली, म्हणून तीही गेली. मग स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. प्रमुख पाहुणे भाऊसाहेब स्त्रीशक्तीवर चाळीस मिनिटं बोलले. तोवर सात धावपटू बायका उन्हात उभ्या राहून त्या शक्तीचा पुरावा देत होत्या.

बारा चाळीसला नाव पुकारलं. प्रियदर्शनीनं मंडपाच्या कडेला आरोहीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. शेजारी आणखी तिघी जणी होत्या. त्यांच्याकडं पाहून ती म्हणाली, “जरा बघा हं.”

“जा गं बाई, आमी काय लेकरं पाह्यली न्हाईत व्हय?” पार्वतीबाई म्हणाल्या.

शिवशंकरकडं मोबाईल होता. तो व्हिडिओ काढणार होता, त्यामुळं दुसऱ्या कुठल्याही कामाला तो उपलब्ध नव्हता.

शिट्टी झाली. पोलीस भरतीची तयारी करणारी जान्हवी बाणासारखी पुढं सुटली. प्रियदर्शनी तिच्या पाठीला चिकटली. मंडपासमोरून जाताना नजर आपोआप वळली: आरोही आजीच्या मांडीवर, तोंडात पत्रिकेचा कोपरा. ठीक. आर्ट पेपर चावला जात नाही. रेषेपाशी दत्तोपंत ओरडले, “एक्केचाळीस! बराबर चाललंय!”

दुसऱ्या फेरीला मंडपापाशी लकी ड्रॉची कुपनं वाटणं सुरू झालं होतं. पहिलं बक्षीस पैठणी. पार्वतीबाई रांगेत चौथ्या होत्या, आणि कोपरानं वाट काढत पुढं सरकत होत्या. आरोही एका हिरव्या साडीतल्या बाईच्या कडेवर होती. प्रियदर्शनीनं त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं. ती बाई आरोहीचा गालगुच्चा घेत शेजारणीला म्हणत होती, “कोणाची गं ही? गोड हाय की!”

कोणाची! प्रियदर्शनीची मान मागं वळली, पण पाय चालूच होते. पाय कॉलेजातले होते, मान आईची होती. “ब्याऐंशी!” दत्तोपंत म्हणाले. “श्वास सोड! खांदे खाली!”

तिसऱ्या फेरीला आरोही मंचावर पोचली होती. गोरंगोमटं लेकरू समोर दिसलं की आपल्याकडं ते एका हातात राहत नाही. ताटातल्या प्रसादासारखं पुढं पुढं जातं. मंचावरचा फलक होता ‘लेक वाचवा, लेक खेळवा’. फोटोला लेक कमी पडत होती, ती सापडली. भाऊसाहेबांनी आरोहीला उचलून धरलं होतं, दोन्ही काखांत हात घालून, विहिरीतून वर आलेली कळशी धरतात तसं. फोटोग्राफर हिरासिंग ओरडत होता, “साहब, थोडा हसो! बच्ची का मुँह इधर!”

“अहो! आरोही!” प्रियदर्शनी धावता धावता किंचाळली.

शिवशंकरनं मोबाईल न हलवता अंगठा वर केला. निवेदक माईकवर गरजला, “प्रियदर्शनीताई आपल्या लाडक्या लेकीला धावता धावता हाक मारत आहेत! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. जान्हवी चार पावलं पुढं गेली. रेषेपाशी दत्तोपंत म्हणाले, “दोन मिनिटं पाच! दोन सेकंद घालवलेस! मान सरळ, मान!” त्यांचा आवाज जरा बसला होता. ते तिच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या वळणावर तिला एकच गोष्ट बघायची होती.

चौथ्या फेरीला ती मंडपासमोर आली. मंचावर भाऊसाहेब होते, आरोही नव्हती. रांगेत सासूबाई होत्या, आरोही नव्हती. हिरव्या साडीतली बाई होती. तिच्या कडेवर आता कुपनांचा खोका होता. शिवशंकरच्या हातात मोबाईल होता. आरोही नव्हती.

शेवटचे शंभर मीटर ती कशी पळाली हे तिला सांगता येत नाही. जान्हवीला तिनं मागं टाकलं, ते ओलांडायचं म्हणून नव्हे. मधे होती म्हणून. ती पोलिसांकडंच निघाली होती. सकाळचा फोटो: पिवळं झबलं, डाव्या कानामागं काजळाची तीट.

आणि रेषेपाशी, उन्हात, एका हातात घड्याळ आणि कडेवर पिवळं झबलं घेऊन दत्तोपंत उभे होते. फोटो काढून झाल्यावर भाऊसाहेबांनी लेकरू हाताशी सापडलेल्या हिरासिंगकडं दिलं होतं. हिरासिंगला शर्यतीचा शेवट टिपायचा होता, कॅमेऱ्याला दोन हात लागतात, म्हणून तो मैदान आडवं ओलांडून रेषेपाशी आला आणि तिथल्या एकुलत्या एक माणसाला म्हणाला, “सर, जरा देखना.”

दत्तोपंत रेषेच्या एक हात अलीकडं उभे होते. प्रियदर्शनी त्यांच्यापाशी आली आणि थांबली. पहिल्या नंबरावर असताना, रेघ एका ढांगेवर असताना थांबली आणि तिनं लेकरू ओढून छातीशी घेतलं.

“रेघ!” दत्तोपंत ओरडले. “अगं बाई, रेघ ओलांड!”

ती लेकरू कडेवर घेऊन रेषेपलीकडं गेली. जान्हवी तिच्याबरोबरच आली, की अर्धं पाऊल मागून, यावरून पुढं अर्धा तास वाद झाला. घड्याळात मात्र वाद नव्हता. दत्तोपंतांनी ते उन्हाला हात आडवा धरून वाचलं: दोन चव्वेचाळीस, नऊ दशांश.

“आठ दशांश,” प्रियदर्शनी धापा टाकत म्हणाली. “सर, आठच दशांश राहिले.”

“लेकरू घ्यायला तुला त्याच्यापेक्षा जास्त लागलं,” ते म्हणाले. “पायांनी तू तुझी जुनी वेळ मोडलीस. मी पाह्यलंय. कागदावर येणार न्हाई, पण मी पाह्यलंय.”

कागदावर काय आलं ते ऐका. जान्हवीच्या मामांनी हरकत घेतली: एका चेस्ट नंबरावर दोन व्यक्ती रेषा ओलांडून गेल्या. समितीची बैठक सोफ्यावर बसली. एका सदस्याचं म्हणणं, लेकराची नोंदणी नाही, सबब बाद. दुसऱ्याचं म्हणणं, विषय ‘लेक खेळवा’ असताना लेकीला बाद केलं तर फोटो कसा छापायचा? शेवटी जान्हवी पहिली, प्रियदर्शनी दुसरी, आणि आरोहीला ‘सर्वांत लहान सहभागी’ म्हणून प्रमाणपत्र, भाऊसाहेबांच्या हस्ते. ते स्वीकारताना आरोहीनं भाऊसाहेबांच्या शालीवर दूध ओकलं. दिवसभरातला तेवढाच एक कार्यक्रम वेळेत झाला.

पार्वतीबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, “मी तं बघूनच राहिले होते की! कुठं गेली होती का ती? हितंच तं होती!” शिवशंकरनं व्हिडिओ दाखवला. शेवटची फेरी त्यात नव्हती. मोबाईलची मेमरी भरली होती.

प्रियदर्शनी वाटभर आरोहीची बोटं मोजत बसली. दहा भरली. कळमनुरी मागं पडल्यावर तिचा श्वास जागेवर आला, आणि तेव्हा दुसरंच काहीतरी डोळ्यांपुढं आलं. लेकरू ओढून घेताना दत्तोपंतांच्या हाताला हात लागला होता. भर उन्हात तो हात गार आणि ओला होता. वेळ वाचून दाखवल्यावर ते झेंड्याच्या काठीला टेकले होते, डावा खांदा चोळत. “जरा भरून आलंय,” म्हणाले होते. “सकाळपासून उभा हाय ना. तू लेकरू सावलीत ने.” आणि तिनं लेकरू सावलीत नेलं होतं. त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तिनं समितीला फोन लावला. “कोण दत्तोपंत?” पलीकडून आवाज आला. “पत्रिकेत नाव हाय का?” नव्हतं. नाव नाही म्हणजे नंबर नाही. हिरासिंगला गाठलं, तर तो म्हणाला, भाऊसाहेबांची गाडी निघाल्यावर तोही निघाला. सर तेव्हा काठीपाशीच बसलेले होते. खाली, मातीत.

हे रविवारचं. आज मंगळवार. आरोहीला उन्हाचा ताप आहे, दर दोन तासांनी थर्मामीटर लावावं लागतंय. शाळेत परीक्षा आहेत, शनिवारच्या आधी तिला निघता येत नाही. एवढंच तिला माहीत आहे, सकाळी रेघ ओढताना ते बोलता बोलता म्हणाले होते तेवढं: नरसीला एकटेच राहतात, देवळाकडं वळायच्या आधी डाव्या हाताला किराणा दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत. मुलगी लांब असते.

तर तुमच्यापैकी कुणी या दोन-तीन दिवसांत नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणार असाल, तर तिची एक विनंती आहे. देवळात नंतर जा. आधी तो जिना चढा, दार वाजवा. लगेच उघडलं नाही तरी माघारी फिरू नका, पुन्हा वाजवा. दत्तोपंत कसे आहेत ते स्वतः आत जाऊन बघा, आणि तिला डोंगरकड्याला कळवा.