पंतप्रधानांच्या खांद्यामागची जागा

रोलंड पिकर्सगिल बागकामाची पुस्तकं छापायचे आणि यॉर्कशरमधून खासदारही होते. दोन्हीकडे त्यांचा शत्रू एकच : त्यांच्याच पक्षाचा डेझमंड हॅलिवेल. तो स्वयंपाकाची पुस्तकं छापायचा. माणूस रोज जेवतो, गुलाब वर्षातून एकदा छाटतो, तेव्हा त्याचा खप जास्त असणारच, हे मी संपादक या नात्याने साहेबांना समजावत असे. त्यांना पटायचंही. पण पटल्याने जळफळाट कमी झालेला मी पाहिला नाही.

खरं दुखणं बुधवारचं. बुधवारी पंतप्रधान सभागृहात उत्तरं देतात, देश टीव्हीवर बघतो, आणि त्यांच्या खांद्यामागे हॅलिवेल मान डोलावत असतो. लीड्सच्या एका पुस्तकविक्रेत्या बाईंनी साहेबांना विचारलं, तुम्ही त्या टीव्हीवरच्या प्रकाशकाकडे कामाला का? त्या दिवसापासून साहेबांना ती जागा हवी झाली.

तिथली रीत अशी : आठला दार उघडलं की बाकावर आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं, मग कामकाजाआधीच्या प्रार्थनेला जातीने हजर राहायचं. जागा त्या दिवसापुरती आपली. साहेब पावणेआठला पोचले, तर दाराशी हॅलिवेल थर्मास घेऊन उभा.

"ये रोलंड, चहा घे," तो म्हणाला. "नंबर मात्र माझा."

साहेबांना शेजारची जागा मिळाली. कॅमेऱ्यात त्यांचा डावा कान आला.

मग ते सरावासाठी रोजच जाऊ लागले. प्रार्थनेला सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. बाकी खासदार फक्त बुधवारी उगवायचे. साहेब कामकाजाचे चारही दिवस, डोळे मिटून, ओठ हलवत. ते हॅलिवेलला गोवर व्हावा म्हणून मागत होते. एकदा शेजारच्या कार्डावरचं त्याचं नाव दिसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रार्थना सांगणाऱ्या पाद्रीबाबांनी हे सगळं पाहिलं आणि अकराव्या आठवड्यात पंतप्रधानांच्या कानावर घातलं.

पंतप्रधानांनी साहेबांना बोलावलं. चर्चच्या वतीने सभागृहात उत्तरं देणारा एक खासदार लागतो, तसा श्रद्धाळू माणूस आपल्याला सापडलाय, असं ते म्हणाले. साहेब चर्चमध्ये वर्षातून एकदा जात, तेही भोपळ्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून. ते खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

"हॅलिवेल दोन वर्षं हे पद मागतोय," पंतप्रधान म्हणाले. "त्याचे वडील पाद्री होते ना."

"स्वीकारलं," साहेब म्हणाले.

पहिलाच प्रश्न नॉरफोकच्या एका चर्चमधल्या वटवाघळांवर आला. ती ऑर्गनवर घाण करत होती आणि कायद्याने त्यांना हुसकता येत नव्हतं. साहेब उत्तराला उभे राहिले. खांद्यामागे हॅलिवेल होता; सात वाजल्यापासून दाराशी उभा राहून त्याने ती जागा मिळवली होती. वाक्यावाक्याला मान डोलावत होता.

संध्याकाळी ऑफिसात साहेबांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. स्वतःकडे एकदाही बघितलं नाही.

"खरं सांग," शेवटी त्यांनी मला विचारलं, "पंतप्रधानांच्या मागे तो जास्त मनापासून मान डोलावतो, हो ना?"

मी हो म्हणालो. साहेबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, मला आता हे पंतप्रधानच आवडेनासे झालेत.