पान एकच्या मागे

सोमवारी सकाळी अकरा चाळीसला अकोल्यातल्या एका पोलीस ठाण्यातून ज्योत्स्ना तायडेला फोन आला. तिची चारित्र्य पडताळणी थांबवली होती. गुरुवारी दहा वाजता तिला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू व्हायचं होतं. दाखल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत.

ती ठाण्यात पोहोचली तेव्हा जमादार खुशालरावांनी तिच्या अर्जाला जोडलेलं स्वयंघोषणापत्र टेबलावर उलटं ठेवलं.

"हे काय होय, बाई?"

मागे छापलं होतं : 'सेमी-ऑटोमॅटिक : एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी. पुढची आपोआप भरते, पण पुन्हा दाबावं लागतं. नेम चांगला. ऑटोमॅटिक : ट्रिगर धरून ठेवला तोवर गोळ्या सुटतात. मॅगझिन लवकर संपतं, हात हलतो. गोपालभाऊ, बाळापूर यांच्यासाठी. पान १.'

तिने कागद ओळखला. अमरावतीला तिच्या भावाचं, अंकुरचं, कॉम्प्युटरचं दुकान आहे; गेम खेळणाऱ्या गिऱ्हाइकांना तो असे सल्ले छापून देतो. एका बाजूने छापलेला कागद तो फेकत नाही, प्रिंटरमध्ये उलटा भरतो. गेल्या रविवारी तिचं घोषणापत्र त्यानेच छापलं होतं. सही करताना तिने मागे पाहिलं नव्हतं.

"साहेब, गेममधल्या बंदुका हायेत ह्या."

"गेम कुठी लिवलं हाय? दाखवा मले."

लिहिलेलं नव्हतं.

अंकुर साडेतीनला एस.टी.ने पोहोचला.

"कॉम्प्युटर इकतं का गावठी कट्टे?" खुशालरावांनी विचारलं.

"साहेब, गिऱ्हाइकाले प्रोसेसर निवडून देत होतो. गेममंधी ऑटोमॅटिक चालवली का त्याचा जुना कॉम्प्युटर अडके. मी म्हटलं, सेमीनं खेळशीन तं सहा कोरचा पुरते, नाही तं आठचा घे. ते दुसऱ्या पानावर हाय."

"मंग आण दुसरं पान."

दोन्ही पानं गोपालने नेली होती. पहिल्याची शाई फिकी आली म्हणून अंकुरने ते पुन्हा छापलं, फिकं पान दुकानात राहिलं. कॉम्प्युटरमध्येही काही नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा सल्ला तो त्याच फाइलमध्ये, आधीचा पुसून, लिहितो.

"काहून पुसतं रे?" बाहेर आल्यावर ज्योत्स्ना म्हणाली.

"ताई, मले काय मालूम तुह्या नोकरीले गेमचा कागद लागन!"

ती हसली नाही. गोपालचा नंबर तिने तिथेच उभी राहून सात वेळा लावला. बंद होता.

मंगळवारी दोघं बाळापूरला गेली. गोपालच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या, "तो तं शनिवारीच पुण्याले गेला, कॉम्प्युटर घेऊन. मायबाप लग्नाले गेले." पुण्यातला पत्ता त्यांना माहीत नव्हता. दुसरं पान त्याने नेलं की घरीच टाकलं, हेही कोणी सांगू शकलं नाही.

परतताना तिने कार्यालयात फोन करून मुदत मागितली. लेखी अर्ज द्या, असं उत्तर मिळालं. तो तिने चार वाजता दिला. कोऱ्या कागदावर, दोन्ही बाजू पाहून.

खुशालरावांनी तिच्या पडताळणीच्या अर्जाचं पाकीट मंगळवारी संध्याकाळी निर्णयासाठी ठाणेदारांच्या टेबलावर ठेवलं. ठाणेदार बंदोबस्तावर होते.

बुधवारी दुपारी सव्वादोनला गोपालचा फोन पहिल्यांदा वाजला. पूर्ण वाजून थांबला. अंकुरने लगेच पुन्हा लावला, तेव्हा तो बंद होता. दाखला अजून मिळाला नव्हता, आणि रुजू व्हायला वीस तासही उरले नव्हते.