पॉलिशवाले सर

“तू कधी स्वतःच्या हातानं एखादं मशीन खोललंयस?” कंपनीच्या बाईंनी विचारलं. उत्तर देण्याआधी मुलीनं कोपऱ्यात बसलेल्या सरांकडे पाहिलं.

विद्यापीठातल्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करणं हे सरांचं काम. मुलं त्यांना पाठीमागे पॉलिशवाले सर म्हणत, आणि ते कानावर आलं की सरांना मनातून गुदगुल्या होत. या मुलीच्या आईची लाँड्री होती. सरावाच्या मुलाखतीत पोरीनं भाबडेपणानं सांगून टाकलं, की दुकानातलं मशीन बिघडलं की तीच ते खोलून दुरुस्त करते. वर्ग फिस्सकन हसला. सरांनाही चेव आला. “घरची धुणी इथं धुवायची नाहीत,” ते म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. मग छंद म्हणजे वाचन आणि गुण म्हणजे नेतृत्व, असं त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं.

आज आलेली कंपनी नेमकी मशीनं बनवणारी होती. बाकीच्या कंपन्या येऊन गेल्या होत्या. शेवटच्या वर्षी कंपनीत काही महिने काम केल्याशिवाय पदवी मिळत नसे; इथं काम मिळालं नाही, तर पोरीचं वर्ष लटकणार होतं.

मुलाखतीत सरांनी बोलायचं नाही, हा नियम. पण नुसती मान हलवली असती, तरी पोरीला कळलं असतं. तेवढं सरांच्यानं झालं नाही. आपण शिकवलं ते चुकलं, हे बाईंसमोर कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“नाही मॅडम,” मुलगी म्हणाली. “मला वाचनाची आवड आहे. माझ्यात नेतृत्वगुण आहेत.”

बाईंनी गोड हसून, कळवतो म्हणून सांगितलं. त्या हसण्याचा अर्थ सर चांगलाच ओळखून होते.

व्हरांड्यात मुलगी त्यांच्यामागे धावत आली. “सर, मशीनचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही खाली बघितलंत आणि मी सावरले. बरोबर केलं ना?”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बरोबर,” ते म्हणाले.

तिनं आईला फोन लावलेलाच होता. आईला बोलायचंय, म्हणत तिनं तो सरांच्या हातात दिला.

“सर, आमच्या पोरीला तुम्ही माणसांत आणलंत,” आई म्हणाली.

तिचं बोलून झालं, तरी सर फोन कानाशी धरून तसेच उभे राहिले.