क्विनाईनची वाटणी

लोणंदच्या दवाखान्यात क्विनाईन पुण्याहून यायचं. पार्सल सकाळच्या गाडीनं उतरायचं, कंपाउंडर हरिबा ते स्टेशनवरून डोक्यावर घेऊन यायचा आणि डॉक्टर गंगाधर शेंडे सही करून ते कपाटात ठेवायचे. पुण्याला ते कुठून येतं, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मग जपान्यांनी जावा बेट घेतलं. ती बातमी गंगाधरपंतांनी वर्तमानपत्रात वाचली, कागदाची घडी घातली आणि चहा प्यायले. पुढं त्रेचाळीस सालच्या श्रावणात पार्सल यायचं थांबलं. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की जगातलं बहुतेक क्विनाईन त्याच बेटावरच्या झाडांच्या सालीतून निघत होतं.

त्यांनी पुण्याला तारा केल्या. उत्तर आलं, लष्कराची गरज आधी, साठा आल्यावर कळवू. दुसऱ्या तारेचं उत्तर तेच होतं. तिसऱ्या तारेला उत्तरच आलं नाही.

इकडं ताप काही थांबणार नव्हता. नीरेच्या कालव्यानं या भागात ऊस आणला तसे डासही आणले होते, आणि दर भाद्रपदात घरटी कुणीतरी घोंगड्याखाली कुडकुडत पडलेलं असायचं. त्यात त्या साली पूर्वेकडं, माणदेशात, पाऊस फिरकलाच नव्हता. एरवी दिवाळीनंतर घर सोडणारे धनगर मेंढरं घेऊन श्रावणातच कालव्याकाठी उतरले होते. त्यांच्या अंगाला या पाण्याची सवय नव्हती. ताप त्यांच्या तळांवर गवतातल्या आगीसारखा पसरला.

कपाटात उरलेलं क्विनाईन एरवी पंधरवडाभर पुरलं असतं. थंडी पडून ताप ओसरायला अजून तीन महिने होते.

गंगाधरपंतांनी लालासाहेबांना बोलावून घेतलं. लालासाहेब लोकल बोर्डाचे सभासद, कालव्याखालचे मोठे बागाईतदार, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. दवाखान्याच्या ओसरीवर दोघं बाकावर बसले. हरिबा दाराला टेकून उभा राहिला.

"समद्यांस्नी थोडं थोडं द्या," लालासाहेब म्हणाले. "रिकाम्या हातानं कुणी माघारी गेला न्हाई, म्हंजे बोंब हुनार न्हाई."

"थोडं दिलं तर ताप चार दिवस दबतो आणि परत येतो. म्हणजे औषधही गेलं आणि माणूसही. द्यायचं तर पुरतं द्यायला हवं."

"मग कुनाला द्यायचं?"

याचं उत्तर गंगाधरपंतांनी मनाशी तयार ठेवलं होतं, तरी ते बोलायला त्यांना वेळ लागला. "लहान मुलं आणि पोटुशा बायका. या तापानं आधी तीच दगावतात. धडधाकट माणूस बऱ्याचदा आपल्या ताकदीवर उठतो."

"आन् कर्त्या गड्यांनी काय करायचं?"

"काढा देऊ. काडेचिराइताचा."

लालासाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तुमचं बराबर दिसतंय. मला तरी दुसरं काई सुचत न्हाई. पर न्हाई म्हनायला तुमीच बसा, डॉक्टर. माझ्या भावकीतला कुनी आला तर माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं न्हाई."

"मीच बसतो."

आणि ते बसले. रोज सकाळी ओसरीवर माणसं दाटायची आणि गंगाधरपंत त्यांच्यातून मुलं आणि पोटुशा बायका वेगळ्या काढायचे. बाकीच्यांना हरिबा काढ्याची बाटली भरून द्यायचा. लालासाहेबांचा पुतण्या भाऊसो बैलगाडीत आडवा पडून आला, तोही काढा घेऊन परत गेला. लालासाहेबांनी त्यावर एक अवाक्षर काढलं नाही. एका माणसानं बाटली पायरीवरच रिकामी केली आणि थुंकून निघून गेला. मुलं मात्र बरी होत होती. हे गंगाधरपंत डोळ्यांनी बघत होते, आणि त्याच बळावर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात बसत.

कोंडीबा धनगर आला तो अशाच एका सकाळी. तट्टावर त्याचा मुलगा बिराप्पा बसला होता. बसला कसला, बापानं त्याला धरून ठेवला होता. मागून बिराप्पाची बायको तानुबाई, पाठीशी बांधलेलं वर्षाचं पोर घेऊन. चार कोसांवरच्या तळावरून ती सगळी पहाटेची निघाली होती.

गंगाधरपंतांनी बिराप्पाला आणि त्याच्या पोराला तपासलं. बापलेकांची पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सारखीच वाढलेली होती, दोघांचंही अंग तव्यासारखं तापलं होतं. त्यांनी पोरासाठी पुड्या बांधायला सांगितल्या आणि बिराप्पासाठी काढा.

"म्हंजे ह्येला औषीद न्हाई?" कोंडीबानं विचारलं.

गंगाधरपंतांनी त्याला सगळं सांगितलं. लढाई, आगगाडी, न आलेलं पार्सल. कोंडीबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवं डाक्तर, एक इचारू? ल्हान लेकरू वाचलं आन् ह्यो गेला, तर त्या लेकराला कोन जगीवनार? माझं गुडघं गेल्यात. म्हातारी आंधळी. मेंढरांमागं चालतो त्यो ह्यो येकलाच. ह्यो हाय म्हनून आमी समदी हाय."

बाकावर लालासाहेबांना समजावताना गंगाधरपंतांना सगळं सरळ वाटलं होतं. त्यांचा हात कपाटाच्या कडीपर्यंत गेला. पण कोंडीबाच्या मागं मुलं कडेवर घेतलेल्या बायका दारापर्यंत उभ्या होत्या आणि सगळ्याजणी त्या हाताकडं बघत होत्या.

"नाही देता येत, बाबा," ते म्हणाले. "गडी तरुण आहे. निभावेल."

"तुमी म्हंता तर निभावंल," कोंडीबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गंगाधरपंतांना राग चालला असता.

रोज चार कोस येणं त्या लोकांना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी आठवडाभराच्या पुड्या तानुबाईच्या हातात दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधात कालवून पोराला चाटवायची. तिच्याकडून त्यांनी दोनदा वदवून घेतलं. तिनं पुड्या पदराच्या गाठीत बांधल्या.

त्याच दुपारी गंगाधरपंतांनी सांगलीला जायचं ठरवलं. तिथल्या एका इस्पितळात त्यांचा वर्गमित्र चिंतामण डॉक्टर होता. सांगली संस्थानी, तिथली औषधांची वाट वेगळी. असेल काही शिल्लक, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या पत्नी पद्माताईंनी भाकऱ्या बांधून दिल्या.

"आणि चिंतामणभावजींनी नाही म्हटलं तर?" त्यांनी विचारलं.

"मागून तर पाहतो," एवढंच गंगाधरपंत म्हणाले.

गाडी जागोजाग बाजूला काढत होते. शिपायांनी आणि ताडपत्रीखालच्या सामानानं भरलेल्या गाड्या आधी पुढं जात. मिरजेला गाडी बदलून ते सांगलीत उतरले, ते दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर.

चिंतामणनं त्यांना मिठी मारली, बोलणं ऐकून घेतलं आणि आत नेलं. खाटा भरून माणसं खाली सतरंज्यांवर निजली होती. शाळेतल्या मुली होत्या, हळदीच्या वखारीतले हमाल होते, एक म्हातारे भटजी होते.

"संस्थानाबाहेर गोळी जाऊ द्यायची नाही असा हुकूम आहे," चिंतामण म्हणाला. "पण हुकमाचं सोड, गंगाधर. तू लहानपणापासूनचा मित्र, तुझ्यासाठी मी तो मोडीन. फक्त यातली कुणाची गोळी काढून तुला देऊ, तेवढं तू बोट दाखवून सांग."

गंगाधरपंतांनी बोट दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "तू कसं ठरवतोस?"

"मी ठरवतच नाही. येईल त्याला देतो. संपलं की दार लावून घेईन. माझ्यानं निवडणं होत नाही."

"मग संपल्यावर आलेल्या मुलांचं काय?"

"तू निवडून दिलंस. तुझ्याकडं सगळं ठीक आहे?"

निघताना चिंतामणनं सिंकोनाच्या, म्हणजे क्विनाईनच्या झाडाच्या, सालीची भरड पूड असलेली एक बाटली आणून दिली. ती दिली की पेशंटला उलट्या होतात, म्हणून ती मागं पडली होती. गंगाधरपंतांनी ती पिशवीत घातली आणि परतीची वाट धरली, पण मिरजेला लष्करी गाड्यांपायी त्यांना चार दिवस अडकून पडावं लागलं.

लोणंदला हरिबा फलाटावरच उभा होता. त्याच्याकडं बघून गंगाधरपंत समजले, की हा पार्सल बघायला आलेला नाही.

"त्या धनगराचं लेकरू गेलं, डॉक्टर. काल सांजच्याला."

"जाईल कसं? पुड्या पुरत्या दिल्या होत्या."

हरिबानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

लालासाहेबांची छकडागाडी मागून घेऊन गंगाधरपंत तळावर गेले. कालव्याच्या भरावाखाली पालं होती. एका पालाच्या तोंडाशी बिराप्पा उठून बसला होता आणि आंबील पीत होता. अंगात ताप नव्हता. डोळे रडून सुजले होते, पण नजर स्वच्छ होती. गंगाधरपंतांनी त्याची नाडी बघितली आणि तशीच हातात धरून ठेवली. काढ्यानं असा ताप उतरत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तानुबाई कालव्यावर पाणी भरत होती. ते तिच्यामागं गेले. ते विचारायच्या आधी तीच बोलली.

"पुड्या म्या ह्यांस्नी दिल्या. काढ्यात कालवून. त्यो कडूच, ही बी कडू. ह्यांस्नी काई कळलं न्हाई. मामंजींस्नी बी ठावं न्हाई." ती घागर धरून वाकलेलीच होती. "लेकराला दोन दिस दिल्या. तवा ह्ये लय बडबडाया लागलं, मला वळकंना झालं. म्या इचार केला. लेकरू दुसरं हुईल. ह्ये गेलं तर आमचं काय? मामंजी तुमास्नी म्हनलं, त्ये खोटं हुतं का?"

"नाही," गंगाधरपंत म्हणाले. "खोटं नव्हतं."

"ह्यांस्नी सांगू नगा."

त्यांनी मान हलवली. पुढचं तिला सांगायचा धीर त्यांना झाला नाही. तान्ह्या पोराच्या पुड्या ताकदवान गड्याला पुऱ्या पडत नाहीत. ताप दबला होता, गेला नव्हता. तिनं एक जीव देऊन जे विकत घेतलं होतं, ते चार-आठ दिवसांचं होतं.

आठवडा सरायच्या आत बिराप्पा पुन्हा थंडी वाजून पडला. या वेळी गंगाधरपंतांनी नियम बाजूला ठेवला. पण तोवर डब्याचा तळ दिसत होता, आणि गड्याला पुरेल एवढं होतं ते त्यांनी त्याच सकाळी सात महिन्यांच्या पोटुशा बाईला दिलं होतं; उरल्या होत्या त्या तान्ह्या मुलांच्या चिमूटभर पुड्या. त्यांनी सांगलीची पूड दिली. ती बिराप्पाच्या पोटात टिकेना. पाणीसुद्धा टिकेना. घटस्थापनेच्या दिवशी दुपारी तो गेला.

पुड्या घरी द्यायचं गंगाधरपंतांनी तानुबाईच्या त्या दिवसापासूनच बंद केलं होतं. डोस त्यांच्यासमोर गिळायचा, असा नवा नियम. गावातल्या बायका रोज येत राहिल्या. लांबच्या वाड्यांवरच्या दोन-तीन दिवस आल्या आणि मग यायच्या थांबल्या. आजारी पोर काखेत घेऊन रोज कोण तीन कोस चालणार? त्यामुळं औषध मात्र ठरल्यापेक्षा थोडे दिवस जास्त पुरलं.

"डॉक्टर, पयल्यापासनं समद्यांस्नी वाटलं असतं तर?" एकदा लालासाहेबांनी विचारलं. भाऊसो तोवर काठी धरून हिंडू लागला होता, म्हणून ते विचारू शकले.

"तर कदाचित जास्त मेले असते."

"आन् कमी बी मेले असते?"

"तेही असेल. मला आता सांगता येत नाही." गंगाधरपंत ओसरीच्या पायरीवर बसले होते. "मी मोजून पाहिलं, लालासाहेब. मोजलेलं तंतोतंत बरोबर होतं. पण पुड्या घेऊन माणसं घरी गेली की तिथं त्यांची ती मोजत होती."

दसऱ्यानंतर क्विनाईन संपलं. पुण्याहून तार आली, की यापुढं जे येईल ते निम्म्यानं येईल, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. हरिबा काढा उकळत राहिला. दिवाळीच्या सुमारास माणदेशात पाऊस पडल्याची खबर आली आणि धनगरांनी पालं मोडली.

कोंडीबाची मेंढरं लोणंदच्या रेल्वे फाटकापाशी आली तेव्हा मालगाडी जायची होती, म्हणून फाटक बंद होतं. गंगाधरपंत एका घरी पेशंट बघून परत येत होते. तट्टावर म्हातारी आणि पालाचं सामान होतं. कोंडीबा लगाम धरून, गुडघ्यावर हात ठेवत चालत होता. मेंढरांपुढं काठी घेऊन तानुबाई होती. हाळी घालायची तिला अजून सवय झाली नव्हती, कळप तिच्या आवाजाला दाद देत नव्हता.

तिनं त्यांना ओळखलं. थोडं थांबून ती जवळ आली.

"आवं डाक्तर, म्होरल्या साली औषीद येतंय का?"

"माहीत नाही, बाई."

"न्हाई येनार म्हना, म्हंजे आमी कालव्याला उतरत न्हाई." ती मागं, कालव्याकडं वळून बघत राहिली. "पर माणात पाऊस न्हाई झाला तर उतरावंच लागंल. मेंढरास्नी पानी दुसरीकडं कुठं हाय?"

मालगाडी आली होती. ताडपत्रीखालचे डबे सावकाश पुढं सरकत होते, गाडी लांबलचक होती. तानुबाई उत्तराची वाट बघत थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग फाटक उघडलं, आणि मागची मेंढरं रेटा द्यायला लागली तशी ती त्यांच्यापुढं चालू लागली.