सांबऱ्याचं विमान

मेव्हण्याचा, कृष्णातचा ट्रंक कॉल बेळगावहून हंबीररावांच्या ऑफिसात दुपारी आला. ते तसेच बंगळूरच्या जयनगरला घरी आले. त्यांची बायको तानूबाई मागच्या दारी धुणं वाळत घालत होती.

"तुझ्या आप्पांना बरं नाही. तुझा भाऊ म्हणतो, लगेच पाठवा."

तिनं हातातलं लुगडं बादलीतच सोडलं. "संध्याकाळच्या गाडीनं निघते."

"स्वल्प ऐक, घाई करू नको. गाडी हुबळीवरून वळसा घेत जाते. बेळगावला पोचायला उद्याची दुपार होईल. विमान सरळ जातं. पावणेतीनशे मैल, पावणेदोन तास. सकाळी बसलीस की अकराच्या आत सांबऱ्याला."

बेळगावचा विमानतळ तिच्या माहेरच्या गावाला, सांबऱ्यालाच होता. लढाईच्या दिवसांत तो बांधला गेला तेव्हा त्यांच्या मळ्याचं कुंपण त्याला जाऊन भिडलं होतं.

"गाडीत असले तर निदान वाटेवर तरी असेन हो."

"पण उशिरा पोचशील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "सरी, तसंच करते," ती म्हणाली. हंबीररावांनी कृष्णातला तशी तार केली.

सकाळी बंगळूरचं आभाळ मोकळं होतं. धारवाड मागं पडलं तसे श्रावणातले ढग दाटून आले. विमान खाली गेलं, पुन्हा वर चढलं. मध्येच ढग फाटला आणि तिला पाण्यानं भरलेली भातशेतं दिसली, लाल कौलं दिसली.

"तो आमचा मळा!" ती मोठ्यानं म्हणाली.

विमान घिरट्या घालत राहिलं. मग वळलं. धावपट्टी दिसत नाही, परत बंगळूरला जातोय, असं हवाई सुंदरीनं सांगितलं. तानूबाई उठून उभी राहिली.

"बाई, खाली माझं घर आहे हो!"

त्या मुलीनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि पट्टा बांधला.

त्या संध्याकाळी हंबीररावांनी पुन्हा तार केली आणि तिला गाडीत बसवून दिलं. आदल्या दिवशीची गाडी तोवर बेळगावला वेळेवर पोचलीही होती.

बेळगाव स्टेशनवर कृष्णात उभा होता. डोकं भादरलेलं. टांगा गावाबाहेर पडला.

"कधी?" तिनं विचारलं.

"काल, दिवस मावळताना." तो थांबला. "सकाळी विमानाचा आवाज आला तसे आप्पा जागे झाले. म्हणाले, तानू आली. मी सायकल घेऊन विमानतळावर पळालो. तिथले लोक म्हणाले, उतरलंच नाही."

"मग आप्पांना काय सांगितलंस?"

"येतेय म्हटलं. शेवटपर्यंत दाराकडं बघत होते."

तानूबाईनं पदर तोंडात कोंबला.

तेराव्याला हंबीरराव आले. जेवणं आटोपल्यावर ओसरीत तिच्याजवळ बसले.

"गाडीनंच पाठवायला हवं होतं तुला," ते म्हणाले.

त्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं होतं, हे तिला कळत होतं. तसं एकदा बोलून टाकावं, त्यांना मोकळं करावं, असं तिला वाटलंही. पण ती उठली आणि उष्टी ताटं गोळा करायला आत गेली.